उसन्या इंजिनाचा आवाज

१९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत आपल्या रस्त्यांवर तीन नव्या मोटारी आल्या. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा, प्रीमियरची ११८ एनई आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची स्टँडर्ड २०००. अँबॅसिडर आणि फियाट यांच्याशिवाय तिसरी मोटार माहीत नसलेल्या देशात या तिघींचं केवढं कौतुक झालं होतं! मी तेव्हा शाळेत होतो. नवी गाडी चौकात उभी राहिली की भोवती पोरांचं कडं पडायचं. काचेला नाक लावून आम्ही आत किती घरांचं मीटर आहे ते बघायचो. मोठी माणसं मात्र एकच प्रश्न विचारायची, ‘इंजिन कुणाचं आहे?’

प्रश्न वरकरणी विचित्र वाटतो. गाडी ज्याची, इंजिनही त्याचंच असणार. पण मोठ्या माणसांना आपला देश माहीत होता. या तिन्ही गाड्यांचं अंग एकाचं होतं आणि काळीज दुसऱ्याचं. काँटेसाचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या बंद पडलेल्या मॉडेलचा आणि आत सुरुवातीला बसवलेलं इंजिन आपल्या अँबॅसिडरचं, १४८९ सीसीचं, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. ११८ एनईचं अंग इटलीच्या फियाट १२४चं, इंजिन जपानच्या निस्सानचं, ११७१ सीसी. त्या नावातलं ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिन असंच लोक सांगत. आणि स्टँडर्ड २००० ही तर इंग्लंडमधली रोव्हर एसडी-वन. तिकडे १९७६ साली ती साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनासह बाहेर पडली आणि पुढल्या वर्षी युरोपातली त्या वर्षाची सर्वोत्तम मोटार ठरली. आपल्याकडे आली तेव्हा तिच्या पोटात १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीत. त्याच इंजिनाचा सख्खा भाऊ फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरात नांगर ओढत होता.

हे कंपन्यांचं झालं. गल्लीबोळातल्या गॅरेजांत हेच काम त्याच्या आधीपासून चाललं होतं आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल चढत गेलं. जीपमधलं मूळ विलिस पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवायचं, हा अनेक मिस्त्रींचा बारमाही धंदा झाला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं मॅटाडोरचं इंजिन जीपमध्ये आणि अँबॅसिडरमध्ये गेलं. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडून उचलायचं आणि ज्याचं इंजिन संपलंय पण पत्रा शाबूत आहे अशा गाडीत टाकायचं, हा सर्वांत साधा प्रकार. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, सुट्या भागांच्या आयातीवर निर्बंध होते, पैसा तर नव्हताच. तेव्हा जुन्या गाडीला दुसऱ्याचं इंजिन बसवण्यात हौस फार थोडी होती, नड जास्त होती.

आणि या अशा गाड्यांची एक ओळख होती. त्या फटाके मारत.

डिझेलच्या गाड्यांना यातून वगळूया. डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबानं तापलेल्या हवेत तेल पेट घेतं, त्यामुळे तिचे आजार वेगळे, धूर वेगळा. मी बोलतोय पेट्रोलच्या गाडीविषयी. इंजिन बदललेली पेट्रोलची गाडी घाटाच्या उतारावर किंवा सिग्नलला वेग कमी करताना मागच्या पाइपातून ‘फाट्’ करून आवाज काढायची. झाडावरचे कावळे उडायचे, म्हाताऱ्या बायका शिव्या द्यायच्या. आणि सगळे एकमुखानं निदान करायचे, ‘बाहेरचं इंजिन आहे ना, मानवत नाही गाडीला!’

हे निदान बहुतेक वेळा खोटं असे. आजच्या बोलण्याचा मुद्दा खरं तर एवढाच आहे. कारण खोटं निदान लोकांच्या तोंडी राहिलं, आणि खरं निदान करणारी माणसं आपलं ज्ञान कुठे न लिहिता निघून चालली आहेत.

फटाका म्हणजे काय ते आधी पाहू. निकोलाउस ओटो या जर्मन माणसानं १८७६ साली चार ठोक्यांचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून आजवर नियम तोच आहे. पहिल्या ठोक्याला हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढायचं, दुसऱ्याला दाबायचं, तिसऱ्याला ठिणगी टाकून पेटवायचं, चौथ्याला जळलेला धूर बाहेर लोटायचा. आग लागायची ती सिलिंडरच्या बंद खोलीत. खोलीची दोन्ही दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, त्या वेळी लागलेली असली पाहिजेत. आग जर खोलीबाहेर लागली तर आवाज होतो. ती आत येण्याच्या वाटेवर लागली तर कार्बोरेटरमधून भपकन हवा उलटी येते. त्याला गॅरेजमध्ये ‘कार्बोरेटर शिंकला’ म्हणत. आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर लागली तर सायलेन्सरमध्ये फटाका. शिंक आणि फटाका यांत फरक करणं ही निदानाची पहिली पायरी. गाडीवाला दोन्हीला ‘बॅकफायर’ म्हणून मोकळा होतो.

आता बाहेरच्या वाटेवर आग लागायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, ताजी हवा आणि पेटवायला पुरेशी उष्णता. उष्णता तिथे असतेच. प्रश्न उरतो तो पेट्रोल न जळता बाहेर का आलं आणि हवा कुठून शिरली, एवढाच. हा प्रश्न नीट धरला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे त्याची उत्तरं एकेक करून खोडत जाणं.

जुन्या काळी ठिणगी कधी पडावी हे चालकाच्या हातात असे. १९०८च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या खांबावर डावीकडे त्यासाठी वेगळा दांडा होता. दांडा फार खाली-वर झाला की गाडी कुरकुरे, गरम होई, फटाके मारी. म्हणजे चालकालाच निम्मा मिस्त्री असावं लागे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यानं १९१०च्या कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची रचना सिद्ध केली, आणि पुढे साठ-सत्तर वर्षं जगभरच्या मोटारी त्याच धर्तीवर पेटत राहिल्या. आपली अँबॅसिडर, आपली फियाट, आपली जीप, सगळ्यांच्या बॉनेटखाली त्याच रचनेचा वंश. एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर, त्यात उघडमीट करणारे पॉइंट, बाजूला बोटाएवढा कंडेन्सर, आणि चार प्लगांना जाणाऱ्या चार वायरी. कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी मिळणार तो क्रम या वायरींवर ठरतो.

इथे इंजिन बदलणाऱ्याला पहिला धोका असे. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रम एक, तीन, चार, दोन. पण फोर्डच्या जुन्या इंजिनांचा, मॉडेल टीपासून पुढे ब्रिटिश फोर्डच्या कितीतरी गाड्यांपर्यंत, एक, दोन, चार, तीन. आयुष्यभर पहिला क्रम हाताळलेल्या मिस्त्रीनं फोर्डच्या इंजिनाला सवयीनं वायरी लावल्या की दोन आणि तीन नंबर उलट होतात. त्या दोन सिलिंडरांत ठिणगी पडते ती व्हॉल्व्ह उघडे असताना. मग गाडी शिंकते, फटाके मारते आणि दोनच सिलिंडरांवर लंगडत चालते. त्यात डिस्ट्रिब्युटरमधला रोटर एखाद्या इंजिनात उजवीकडून फिरतो, एखाद्यात डावीकडून. हे न पाहता वायरी लावल्या तर आणखी गोंधळ. यात इंजिनाचा काय दोष? त्याला त्याच्या भाषेत कुणी विचारलंच नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका चाचांचं गॅरेज होतं. ते नात्यानं माझे कुणी नव्हते, पण आमच्या मोहल्ल्यातले. कॉलेजात बी.ए. करत असताना संध्याकाळी मी तिथे जाऊन बसे. कामाला नव्हे, बोलणं ऐकायला. चाचा शाळेत फारसे गेले नव्हते. त्यांचं बोलणं मात्र इतकं नेमकं असे की माझ्या कवितेतले कितीतरी फालतू शब्द मी त्यांच्यामुळे काढून टाकले.

१९९०च्या सुमाराची गोष्ट. एका मास्तरांची पद्मिनी तिथे आली. पद्मिनीचं स्वतःचं इंजिन १०८९ सीसीचं. ते पार गेलेलं. मास्तरांनी दुसऱ्या एका गावी अपघातातल्या ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळवून तिकडच्याच मिस्त्रीकडून बसवून घेतलं होतं. दोन्ही गाड्या प्रीमियरच्याच, पण इंजिनं दोन वेगळ्या घराण्यांची. गाडी पळायची झकास. पण मास्तरांचं सासर रत्नागिरीकडे. आंबा घाट उतरताना ती असे फटाके मारायची की समोरचा एसटीवाला गाडी बाजूला घ्यायचा. मास्तर वैतागले होते. म्हणाले, ‘चाचा, हे जपानी इंजिन काढा आणि जुनंच बोअर करून बसवा. मानवत नाही ते आमच्या फियाटला.’

चाचा म्हणाले, ‘मास्तर, फटाका का मारते ते मी सांगतो. कधी मारते ते तुम्ही सांगा.’

मला तो प्रश्न अजून आठवतो. कारण सगळं निदान त्या ‘कधी’मध्ये आहे. गाडी चालू करतानाच एक मोठा बार होत असेल तर चोक, बुडालेले प्लग, किंवा टायमिंग पार हुकलेलं. रेस दिल्यावर, ओझं ओढताना, एका ठरावीक लयीत होत असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय. प्लग, वायर, कंडेन्सर, नाहीतर धुराचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याचा टॅपेट घट्ट झालाय. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, उतारावर, गाडी गिअरमध्ये इंजिनाला ओढत नेत असताना होत असेल, तर बघायची जागा वेगळी.

मास्तरांनी थोडा विचार केला. ‘पाय काढल्यावर,’ ते म्हणाले. ‘चढाला एकदाही नाही.’

‘मग इंजिन कशाला काढता?’ चाचांनी विचारलं.

पाय काढला की कार्बोरेटरची झडप मिटते. आत मिश्रण फार थोडं शिरतं, धड दाबलं जात नाही, धड पेटत नाही. थोडं पेट्रोल कच्चंच बाहेर जातं. हे प्रत्येक कार्बोरेटरच्या गाडीत होतं, तुमच्या-माझ्या, नव्या-जुन्या सगळ्या. पण बाहेरच्या पाइपात हवा नसेल तर ते पेट्रोल मुकाट्यानं मागून निघून जातं. हवा असेल तर तिथेच पेटतं. मग हवा शिरते कुठून? धुराचा पाइप आतून बाहेर फुंकतो, बाहेरची हवा आत कशी येईल? तर त्या पाइपातला दाब सरळ नसतो, लाटांसारखा असतो. धुराचा एक लोट पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर ओढ निर्माण होते. सांध्याला केसाएवढी फट असली तरी त्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते.

चाचांनी गाडी थंड होऊ दिली. मग चालू केली आणि पोऱ्याला सांगितलं, ओलं पोतं चार घड्या घालून मागच्या पाइपाच्या तोंडावर दाबून धर. पाइप सगळीकडून धड असेल तर असं केल्यावर इंजिन गुदमरून बंद पडतं. ही गाडी बंद पडेना. आणि बॉनेटखालून, इंजिनाच्या कुशीतून ‘स्स्स्’ असा आवाज यायला लागला. चाचांनी मला बोलावून हात लांबूनच धरायला लावला. बोटांवर धुराची फुंकर लागत होती. जपानी इंजिनाच्या मॅनिफोल्डचं तोंड आणि इटालियन गाडीचा पाइप एका रेषेत नव्हते. तिकडच्या मिस्त्रीनं मध्ये एक तुकडा वेल्डिंग करून जोडला होता. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचा फ्लँज किंचित वाकला होता आणि गॅस्केट एका बाजूनं जळून गेलं होतं. सांध्याभोवती काजळीची रेघ होती, बाळाला तीट लावावी तशी. ती रेघच सांगत होती की इथून जा-ये आहे.

फ्लँज काढून सपाट घासला, नवं गॅस्केट घातलं, इंजिनाच्या हादऱ्यानं पाइपावर ताण येऊ नये म्हणून पाइपाला रबराचा लोंबता आधार दिला. फटाके नव्वद टक्के गेले. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी चाचांनी आणखी एक संध्याकाळ घातली, आणि माझ्या मते खरी उस्तादी तिथे होती. दुसरा कुणी ‘एवढं चालायचंच’ म्हणाला असता. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, फिलर गेजनं पॉइंटमधलं अंतर पाहिलं, बारा व्होल्टचा दिवा लावून ठिणगी नेमकी कधी पडते ते तपासलं. टायमिंग लेट होतं. ज्यानं इंजिन बसवलं त्यानं पद्मिनीच्या हिशेबानं टायमिंग लावलं होतं. गाडी पद्मिनी ना, मग आकडा पद्मिनीचा! ठिणगी उशिरा पडली की जाळ सिलिंडरमध्ये पुरता संपत नाही, दार उघडतं तेव्हाही थोडं जळत असतं, आणि बाहेरचा पाइप वाजवीपेक्षा जास्त तापतो. चाचांनी इंजिनाला त्याचा स्वतःचा आकडा दिला. मास्तरांची गाडी त्यानंतर घाट गुपचूप उतरू लागली.

इंजिन निर्दोष होतं. गाडीही निर्दोष होती. दोष होता दोघांच्या मधल्या वीतभर पाइपात आणि एका आकड्यात. पुढे अशा बऱ्याच गाड्या मी पाहिल्या, आणि इंजिन बदललेल्या गाडीचा फटाका बहुधा सांध्यातून येतो, हे चाचांचं म्हणणं खरं ठरताना पाहिलं. कधी तो सांधा पाइपाचा असे, कधी व्हॅक्यूमच्या रबरी नळीचा, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या जुन्या दांड्याचा, जो नव्या कार्बोरेटरची झडप पुरती मिटूच देत नसे.

जाता जाता भाषेचं एक सांगतो, कवी असल्यामुळे राहवत नाही. ‘मिस्त्रीनं सायलेन्सर दुरुस्त केला’ हे अगदी घरगुती मराठी वाक्य. यातला मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, सायलेन्सर इंग्रजी, दुरुस्त फारसी. क्रियापद तेवढं घरचं. पण या वाक्यानं फटाका मारलेला मी तरी ऐकलेला नाही. सांधे नीट बसलेत.

कंपन्यांनी केलेल्या जोडकामाचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. त्यांच्याकडे अभियंते होते, नकाशे होते, तपासणीची यंत्रं होती. त्यामुळे फटाके नव्हते. पण दुसरेच सांधे निखळले. स्टँडर्ड २०००ला जुनं जड इंजिन पेलेना, किंमत भारी, पेट्रोल पिणं भारी. १९८८पर्यंत तिचं उत्पादन थांबलं. काँटेसाला अँबॅसिडरचं इंजिन अपुरं पडत होतं. काही वर्षांतच तिला जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि ती खऱ्या अर्थानं धावू लागली. म्हणजे उसनं इंजिन काढून दुसरं उसनं! तेच इसुझू इंजिन १९९२च्या सुमारास खुद्द अँबॅसिडरमध्येही बसलं. अँबॅसिडर ही सर्वांत अस्सल भारतीय गाडी असं आपण म्हणतो. तिचं अंग इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं, इंजिनं आधी इंग्रजी, मग जपानी. २०१४च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबला तोवर तिनं किती काळजं बदलली, याचा हिशेब ठेवणारा वेडा कुणी भेटला तर मला त्याच्याशी बोलायला आवडेल.

मुंबईच्या टॅक्सींनी इंजिन नाही, तर इंजिनाचं अन्न बदललं. हवेच्या प्रदूषणाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात चालली आणि त्यातून काळ्या-पिवळ्या पद्मिनी मोठ्या संख्येनं सीएनजीवर आल्या. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, पेटायला जोरकस ठिणगी मागतो. पेट्रोलचं टायमिंग, पेट्रोलचे झिजलेले प्लग तसेच ठेवून गॅस भरला की गाडी शिंके, आणि एअर फिल्टरचं भांडं फुटे. तेव्हाही लोक म्हणाले, गॅस मानवत नाही. टायमिंग थोडं पुढे घेतलं, प्लगमधली फट कमी केली, वायरी बदलल्या की मानवत असे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

दरम्यान कार्बोरेटरच गेला. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. धुराच्या वाटेवर बसवलेली ती मधाच्या पोळ्यासारखी चाळण. तिच्यात कच्चं पेट्रोल जळत राहिलं तर ती वितळते, आणि बदलायला खिसा रिकामा होतो. आता पूर्वीसारखी गंमत नाही, फटाका महाग झाला. मग संगणक आला. सिलिंडर मिसिंग मारू लागला की तो स्वतःच नोंद करतो, ‘पी शून्य तीन शून्य शून्य’. हातातलं यंत्र जोडून पोऱ्या तो आकडा वाचतो आणि सुटे भाग बदलायला घेतो.

पण इंजिन बदललेल्या गाडीपुढे हा संगणकही फसतो, आणि कुठे फसतो ते ऐका. धुराच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि पेट्रोल वाढवतो. आता पाइपाच्या सांध्याला सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. संगणक पेट्रोल वाढवतो. जादा पेट्रोल न जळता पाइपात येतं, तिथे हवा आहेच, आणि फाट्! यंत्र म्हणतं पेट्रोल कमी आहे, प्रत्यक्षात ते जास्त झालंय. सिलिंडर मिसिंग मारत असला तरी हेच, कारण न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. संगणकावर विसंबणारा इथे सेन्सर बदलतो, मग इंजेक्टर बदलतो, मग पेट्रोलचा पंप बदलतो. ओल्या पोत्याची परीक्षा आजही पाच मिनिटांत खरं सांगू शकते. फक्त ती घ्यायची असते हे कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगणारे आता थोडे उरलेत, आणि ज्यांच्यावर सांगायचं त्या गाड्याही. पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन बरंच काही बदलता येई. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पुढे २००० साली अधिक कडक झालं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन हटवता येणार नाही असं स्पष्ट केलं. सुरक्षेच्या दृष्टीनं यात वावगं काही नाही. कुणीही उठून कोणतंही इंजिन कोणत्याही चाकांवर ठेवावं, असं मीही म्हणणार नाही. मला खटकतं ते दुसरंच. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी जपणाऱ्यांना त्यातून वेगळी नोंदणी मिळते, ही चांगली गोष्ट. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांतही हौशी लोक बॉनेट उघडून आधी इंजिनाचा नंबर मूळ नोंदीशी जुळतो का ते बघतात. जुळला तर वारसा, नाही जुळला तर भंगार.

ज्यांच्या तबेल्यात गाड्या पडून राहिल्या, त्यांच्या इंजिनाचे नंबर जुळतात. ज्यांनी गाडीवर घर चालवलं, मुलांची लग्नं केली, बाजार समितीत भाजी नेली, त्यांच्या गाड्यांचे नंबर कसे जुळणार? ती गाडी तीस-तीस वर्षं जगली ती दुसऱ्याच्या इंजिनावरच. आपल्या रस्त्यांचा खरा इतिहास त्या गाड्यांनी लिहिला, आणि नियमाच्या भाषेत त्या इतिहासजमा व्हायलाही पात्र नाहीत.

या इतिहासाचं एक साधन मात्र घराघरांत होतं, काही घरांत अजून असेल. जुन्या आरसी बुकात इंजिन नंबरचा रकाना असे. इंजिन बदललं की तिथला जुना आकडा तांबड्या शाईनं खोडून वर नवा लिहिलेला, शेजारी तारीख, साहेबांची सही आणि गोल शिक्का. कुठल्या गावात, कोणत्या साली, कोणाच्या अंगात कोणाचं काळीज बसलं, ते त्या एका ओळीत कळतं. मास्तरांच्या आरसी बुकात अशी ओळ मी पाहिली आहे. गाडी भंगारात काढली की ते पुस्तकही आरटीओकडे जमा करावं लागतं, आणि मग ते कुणाच्या हाती लागत नाही. तुमच्या कपाटात, वडिलांच्या कागदांत, असं एखादं पुस्तक असेल तर ते देण्याआधी त्या पानाचा एक फोटो काढून ठेवा. आणि बसवणारा मिस्त्री हयात असेल तर त्याचं नाव फोटोच्या मागे लिहून ठेवा.